शेवटच्या वळणावरचं पेडल

हॉल्बेक फेन,
सोमवार सकाळ (बिटाच्या शेतात जायच्या आधी)

तीर्थरूप एनिड काकूंच्या चरणी पुतण्या नेव्हिलचा नमस्कार. डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत बांधलेला असल्यामुळे नमस्कार एकाच हाताचा झाला आहे, पण तो पूर्ण धरावा. (पूर्वी मी तुम्हाला अगंतुगं करायचो. मधल्या एकतीस वर्षांत तो धीर कुठे गेला कोण जाणे, तेव्हा अहोजाहोच बरं.)

गुडघा कसा आहे? ऑपरेशन झाल्याचं ग्लेनिसला चर्चमधल्या बायकांकडून कळलं, आणि त्याच बायकांकडून हेही कळलं की तुम्ही दुसऱ्याच दिवशी काठी टाकून वॉर्डभर फिरलात आणि नर्सला म्हणालात, की यापेक्षा चांगलं वेल्डिंग आमच्या कोठारात व्हायचं. ऐकून बरं वाटलं. थर्लबी घराण्यातलं सगळ्यांत चांगलं स्टील आता तुमच्या गुडघ्यात आहे आणि ते चाचणीतही पास झालं. आमच्याकडे सगळे खुशाल. ग्लेनिसचा खोकला गेला, कुत्र्याला लागला. पत्राचं कारण म्हणाल तर फक्त तुमचा गुडघा, दुसरं काही नाही.

आता पत्र लिहितोच आहे तर पर्सी काकांच्या नावाच्या शर्यतीचा वृत्तान्तही कळवतो. गेली पाच वर्षं तुम्ही तो कप स्वतःच्या हातानं दिलात, यंदा पहिल्यांदाच तुमची खुर्ची रिकामी होती. खुर्ची मात्र ठेवली होती, तिच्यावर तुमची ती चौकड्यांची घोंगडी घडी करून ठेवली होती, आणि पावसात लोक भिजत उभे राहिले पण तिच्यावर कोणी बसलं नाही. शर्यतीच्या आठवडाभर आधीच मैदानावर माइकवरून जाहीर झालं, की काकूंची अट कायम आहे, कप त्यांच्याच हातून मिळेल, तेव्हा जो जिंकेल त्यानं शर्यतीनंतरच्या रविवारी चार वाजता मेबलथॉर्पला त्यांच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि कप घेऊन यायचं. हे ऐकलं तेव्हा मी गाडीखाली उताणा पडलो होतो. उठून बसलो आणि कपाळ सायलेन्सरवर आपटलं.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही मला उद्देशून शेवटचं वाक्य बोललात ते चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात. त्यानंतर दर नाताळला कार्ड येतं, त्यावर ‘ई. थर्लबी’ एवढीच अक्षरं, जणू बँकेचा कागद. काकांच्या अंत्यविधीला तुम्ही मला सॉसेज रोल दिलात हे खरं, पण देताना ग्लेनिसकडे बघून म्हणालात, “याला दे.” कपासाठी पाच वर्षं मी जीव तोडून गाडी हाकली, की कप हातात देताना निदान ‘घे’ तरी म्हणावं लागेल. पाच वर्षांत माझा सगळ्यात वरचा नंबर अकरावा. आणि यंदा तर दारात उभं राहून ‘ये’ म्हणणं भाग होतं. आलेल्या माणसाला दारातच कप देऊन वाटेला लावणाऱ्यांतल्या तुम्ही नाही. म्हणजे ‘ये’, ‘बस’ आणि ‘साखर किती’, असे तीन शब्दप्रयोग हमखास. सत्तावन्न वर्षांचा झालो, हा माझा शेवटचा हंगाम, मनगटं बोलायला लागली आहेत. मी स्वतःला म्हटलं, नेव्हिल, हा ‘ये’ मिळवायचा.

चौऱ्याण्णवची गोष्ट मी उगाळणार नाही. एकोणतीस वर्षं शर्यती करून काकांनी एकही फायनल जिंकलेली नव्हती, त्या दिवशी ते शेवटच्या वळणावर पहिले होते, तुम्ही पर्स खांद्याला लावून त्यांच्याबरोबर मानाची फेरी मारायला खाली निघालाही होतात, आणि मागून येणाऱ्या सव्वीस वर्षांच्या पुतण्याच्या गाडीचं वेगाचं पेडल दाबलेलंच अडकलं. अडकलं म्हणजे अडकलंच. स्प्रिंग जुनी होती. (ही स्प्रिंग मी पुढे बरीच वर्षं डब्यात जपून ठेवली होती, पुरावा म्हणून. मग ग्लेनिसनं ती पडद्याला लावली.) काकांची गाडी कुंपणात गेली आणि मी जिंकलो. ज्या काकांच्या गाडीच्या दोनशे त्र्याऐंशी नंबरावरच्या प्रेमापोटी मी त्याच्या लगतचा दोनशे चौऱ्याऐंशी मागून घेतला, त्या काकांना मी मुद्दाम धक्का मारीन का? पेडलच ते.

तर शनिवार. शनिवारची गोष्ट आधी सांगतो म्हणजे रविवारची नीट कळेल. शनिवारी दुपारी विथमडाइकला शर्यती होत्या, सरावाला म्हणून गेलो. तिसऱ्याच फेरीत मॉरिस बेलवुडनं (लाल छपरावाला, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातला, डोंगराएवढा, डुकरं पाळतो) मला मागून असा काही सणसणीत धक्का दिला, की मी तारा, खांब, चिखल सगळं पार करून जाहिरातीच्या फळीला भेटलो. मागचा ॲक्सल केळ्यासारखा वाकला. माझ्याकडे दुसरा नाही. म्हणजे रविवार संपला, ‘ये’ संपलं, सगळंच संपलं. मी डोकं धरून टायरवर बसलो होतो, तोच समोरून मॉरिस आला, खांद्यावर स्वतःचा जादा ॲक्सल.

“मीच मारलं,” तो म्हणाला. “बरोबर बसला ना?”

“एकदम बरोबर,” मी म्हटलं. “आवाजसुद्धा आला नाही.”

“मलाही तसंच वाटलं. चल, तो पाना दे.”

आणि मग काकू, हा माणूस स्वतःची पुढची शर्यत सोडून माझ्या गाडीखाली दोन तास चिखलात पडून होता. त्याची बायको वर उभी राहून आम्हा दोघांच्या तोंडात आळीपाळीनं बेकन रोल भरवत होती, कारण आमचे हात ग्रीसचे. मला कुंपणात घातल्याबद्दल त्यानं एका अक्षरानं माफी मागितली नाही आणि त्यानं ती मागावी अशी मी अपेक्षाही केली नाही. आपल्या शर्यतीत धक्का नियमातलाच; मारायचं, मारलं म्हणून सांगायचं, आणि मोडलेलं जोडायला जॅक घेऊन यायचं. अशी माणसं जगात आणखी कुठे राहत असतील तर मला त्यांचा पत्ता हवा आहे.

रविवारी सकाळी काकांच्या शर्यतीसाठी मार्शवेलला पोचलो तर गाडीच्या छपराचा घोळ. महिन्याच्या एक तारखेला, कोणी कामगिरीप्रमाणे कुठल्या रंगाचं छप्पर लावायचं त्याची नवी यादी लागली होती आणि तिच्यात मी पिवळ्यातून घसरून पांढऱ्यात आलो होतो. तुम्ही माझं लाल छप्पर पाहिलं आहे, मग निळं, मग पिवळं. आता नवशिक्यांचं पांढरं. माणसाचे केस आणि छप्पर एकाच वेळी पांढरं व्हावं याला काय म्हणावं! पण मी मनातून खूश झालो, कारण पांढऱ्यांना सगळ्यांच्या पुढून सुटायला मिळतं आणि लाल बिचारे तळाशी. अडचण एकच, की यादी मी वाचलीच नव्हती, छप्पर पिवळंच होतं, आणि जवळ रंग नव्हता. ट्रकमध्ये शोधाशोध केली तर ग्लेनिसनं बैठकीच्या खोलीला लावून उरवलेला डबा सापडला. सायीचा रंग. मी झाडूनं फासला.

तपासणीला विनी कॉर्बेट बाई. तुमची मैत्रीण, तुम्हाला सांगायला नको. त्यांनी शर्यतीच्या पुस्तकाचं कोरं पान छपराला लावलं, मान तिरकी केली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“नेव्हिल, हा पांढरा नाही.”

“मग पिवळा आहे का?”

“पिवळाही नाही. ही बैठकीची खोली आहे.”

मागे बावीस गाड्या खोळंबल्या. दोन पंच आले, तिसरा आला, एकानं दुधाची बाटली आणून शेजारी धरली. शेवटी मीच म्हटलं, बाई, मी काकांच्या शर्यतीत कधी पहिल्या सातांतसुद्धा आलेलो नाही, मला पुढे उभं केलंत काय आणि मागे केलंत काय. विनीबाईंना दया आली असावी. “जा पुढे,” म्हणाल्या, “पण पाऊस आला तर मला विचारू नकोस.” पाऊस पाचव्या फेरीला आला आणि सायीचा रंग काचेवरून माझ्या तोंडासमोर वाहू लागला. शर्यत मी पांढऱ्या छपरानं सुरू केली आणि पिवळ्या छपरानं संपवली, पण ते कोणाला दिसलं नाही, कारण तोवर सगळ्यांची छपरं मातीच्या रंगाची झाली होती.

सोबत ग्लेनिसनं भरलेला फेऱ्यांचा कागद जोडला आहे. तुम्ही भरायचात तसाच तिनं भरलाय, प्रत्येक फेरीला कोण कितवा, सगळे नंबर एकाखाली एक. (चिप्सच्या व्हिनेगरचे डाग आहेत, आणि बाराव्या फेरीवर जो चिखलाचा गोळा आहे तो स्वतः मॉरिसच्या चाकानं पाठवलेला आहे.) तुम्हाला कागद वाचून शर्यत दिसते, तेव्हा मी थोडक्यात सांगतो. तेराव्या फेरीपासून बघा, सगळ्यात वर दोनशे चौऱ्याऐंशी. मी! चौदाव्यातही मी, पंधराव्यातही. ओल्या मातीत गाडी अशी पळत होती, जशी नव्वद साली पळायची. वळणावर शेपूट बाहेर टाकायची, माती धरली की दाबायचं, पुन्हा शेपूट. सगळं काकांनी शिकवलेलं. आणि मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलत होतो हेही सांगून टाकतो. हेल्मेटच्या आत कोणाला ऐकू जातं!

आता त्या कागदावर दुसऱ्या जागेचा नंबर बघा. सहाशे एक्केचाळीस. ती आमची लॉर्ना. मुलगी तेवीस वर्षांची झाली, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात सगळ्या पुरुषांपेक्षा जड बोल्ट तीच सोडवते, आणि दोन वर्षांत तिचं छप्पर निळं झालं. दहाव्या फेरीला ती चौदावी होती. मधले बारा जण तिनं कसे पार केले ते मी पाहिलं नाही (गाडीला आरसा नाही), पण मॉरिस म्हणतो की त्याच्या डाव्या बाजूनं, जिथे मांजरसुद्धा गेलं नसतं अशा फटीतून ती गेली आणि जाताना बंपरनं त्याला हळूच बाजूला सारून गेली, दार उघडताना म्हाताऱ्याला सारावं तसं. हे सांगताना त्या डोंगराच्या डोळ्यांत पाणी होतं. मागून येतंय ते कोण हे मला इंजिनाच्या आवाजावरून कळलं, कारण ते इंजिन मीच बांधलंय. आणि मला हायसं वाटलं! म्हटलं, पोरगी आहे, घरचीच. बाप पुढे, लेक मागे, काकांच्या शर्यतीत दोन थर्लबी, फोटो छान येईल. दोन फेऱ्या उरल्याची पाटी दिसली, मग एकीची. शेवटच्या वळणात शिरताना मी डावा हात स्टिअरिंगच्या चाकावरून काढला आणि लोकांना दाखवायला खिडकीतून बाहेर काढायच्या बेतात होतो.

काकू, तो धक्का!

मी आयुष्यात हजारभर धक्के खाल्ले असतील, पण असा नाही. ना लवकर, ना उशिरा. मागच्या डाव्या चाकाच्या किंचित आत, जिथे गाडीचं सगळं वजन त्या क्षणी टेकलेलं असतं, नेमक्या त्या ठिकाणी. गाडी सरळ कुंपणाकडे अशी निघाली, जणू तिला तिकडेच जायचं होतं. चाक झटक्यात फिरलं, हात अर्धा आत अर्धा बाहेर, मनगट गेलं. तारांमध्ये उलटा लटकून मी पाहिलं तर सहाशे एक्केचाळीस चौकड्यांच्या झेंड्याखालून जात होती. कागदावर विसाव्या फेरीत माझा नंबर शोधू नका, नाही तो. आणि खोटं कशाला सांगू, उलट्या अवस्थेत माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो “वा!” असा होता. छाती इतकी भरून आली की पट्टे सोडवायला आलेल्यांना वाटलं बरगडी मोडली.

पण माणूस उताराला लागला की त्याला नको ते सुचतं. पट्टीवाल्याकडून हात बांधून घेऊन मी लॉर्नाच्या गाडीपाशी गेलो. तिथे ही गर्दी. तिच्या तोंडासमोर माइक धरलेला. पोरीचा चेहरा पांढराफटक, बापाला दवाखान्याच्या गाडीतून उतरताना पाहिलं होतं ना तिनं. मला वाटलं, आता ही बिचारी काय उत्तर देणार! तिला सोडवावं म्हणून मीच पुढे होऊन म्हटलं, “असू दे बाळा, पेडल अडकलं असेल तुझं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माइकमध्येच म्हणाली, “काहीही काय बाबा! पेडल उत्तम आहे, कालच तू तेल घातलंस. मी मारलं. तू हात काढलास ना बाहेर, तेव्हाच ठरवलं. दुखतंय का फार?”

काकू, सगळं मैदान हसलं, टाळ्या वाजवल्या, मॉरिसनं हॉर्न दाबून धरला. मीही हसलो. शेजारी हर्बी डॉसन उभा होता, काकांचा मेकॅनिक. ब्याऐंशी वर्षांचा झाला, पण अजून तोच पाना मागच्या खिशात. तो हसत नव्हता. तो मला कोपरानं ढोसून म्हणाला, “आरं, पर्सीला धक्क्याचं काय बी नव्हतं. कुंपणातनं निघाला तवा हसत हुता गडी. ‘पोरानं काय मारलंय हर्बी, काय मारलंय, मी शिकिवलंय त्याला,’ असं म्हणत तुझा हात हातात घ्यायला निघाला. आन् तवाच माइकात तू पेडलचं बोललास. मग माघारी फिरला. पुन्हा काय त्यो हसला न्हाई बघ.”

एवढं बोलून तो चहा आणायला गेला. मी तिथेच उभा राहिलो. काकांनी त्या हंगामानंतर शर्यती सोडल्या, नंतर माझ्याशी बोलायचे ते बिटाच्या भावाबद्दल आणि पावसाबद्दल, आणि मला एकतीस वर्षं वाटत राहिलं, की त्यांच्या मनाला ती हुकलेली फायनल लागली. आपल्यात धक्का कोणाच्या मनाला लागत नाही, हे सव्विसाव्या वर्षी मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? शनिवारी मॉरिसकडून जे मला सहज मिळालं, तेवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. जाऊ दे. स्प्रिंगचं मात्र खरं आहे, ती जुनीच होती.

तर हा असा शनिवार-रविवार. बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जपा, जिना एका पायरीनंच उतरा, आणि तुमच्या बागेतले गुलाब यंदा मी छाटायला येऊ शकत नाही म्हणून वाईट वाटतं (मागच्या वर्षीही आलो नव्हतो, त्याच्या आधीही नाही, हे लक्षात आहे). ग्लेनिस आणि लॉर्नाचा नमस्कार. कुत्राही मजेत आहे, खोकला सोडून.

तुमचा, एका हाताचा,
नेव्हिल

ता. क. : कप घ्यायला लॉर्ना रविवारी चार वाजता येते आहे. अडचण अशी, की तिच्याकडे रस्त्यावर गाडी चालवायचा परवाना नाही. परवा तिसऱ्यांदा नापास झाली. गोल चौकाशी सव्वाचार मिनिटं थांबून राहिली, म्हणाली, कोणाला न मारता आत शिरायचं कसं तेच कळत नव्हतं. तेव्हा तिला कोणीतरी सोडायला हवं, ग्लेनिसला त्या दिवशी चर्चचं काम आहे, म्हणून मीच येईन. मी फाटकाबाहेर गाडीतच बसेन. वर्तमानपत्र आहे माझ्याजवळ.

आणखी एक ता. क. : लॉर्नाला तुमच्याकडे काही मागायचं आहे, पण ती भिडस्त (शर्यतीबाहेर), म्हणून मीच आधी लिहितो. काकांचा दोनशे त्र्याऐंशी तुम्ही दर वर्षी फॉर्म भरून स्वतःच्या नावावर राखून ठेवता, कोणाला देत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तिला तो दारावर रंगवायचा आहे. द्याल तर तिलाच द्या, माझ्याकडे बघून नको. तो नंबर ज्याच्या गाडीवर असेल त्यानं मारलं तर मारलं म्हणून सांगायला हवं, आणि ते तिला येतं.

शेवटचा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. काकू, स्प्रिंग जुनी होती, पण पेडल अडकलं नव्हतं. मी मारलं. काका पुढे आहेत हे बघून, ठरवून मारलं, आणि फार सुंदर बसला होता गं. हे त्यांना सांगायचं राहिलं, तुला सांगतो.